पक्की आणि ऐकीव

खोली भाड्याने मागायला गेलं की घरमालक साधारणपणे जात, पगार आणि मासे चालतात का, एवढं विचारतो. मास्तरांनी मला विचारलं, "तुमच्या गावात कांदा कुठून येतो?"

मी कराडकडचा, नोकरीसाठी नुकताच घाट उतरलेला. काखेत वळकटी आणि डोक्यावर रत्नागिरीचं ऑक्टोबरातलं ऊन. म्हटलं, "आमच्याच रानात होतो."

"स्वयंपूर्ण," मास्तर आत बघून म्हणाले. आत त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, होत्या. "आणि समुद्र?"

"समुद्र नाही."

"भूवेष्टित. हरकत नाही. भूवेष्टित माणूस सहसा भांडत नाही. त्याला बाहेर पडायचं तर दुसऱ्याच्या खळ्यातून जावं लागतं."

खरोखरच माझ्या खोलीची वाट त्यांच्या खळ्यातून, म्हणजे पुढच्या अंगणातून, होती. पाच वर्षं मी त्या वाटेने ये-जा केली आणि एकदाही भांडलो नाही. चिडलो मात्र पुष्कळदा.

मास्तर भूगोल शिकवून निवृत्त झालेले. राजिवड्याकडे उतरणाऱ्या पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेच्या, वरच्या टोकाला त्यांचं जांभ्या चिऱ्याचं घर. आळीतल्या दर दोन घरांआड एकातला कर्ता माणूस आखातात होता. कुणी गवंडी, कुणी ड्रायव्हर, कुणी बोटीवर. त्यामुळे तिकडे कुठे खुट्ट वाजलं की इकडे चुलीपाशी धाकधूक व्हायची, आणि मग लोक मास्तरांच्या पडवीत येऊन उभे राहायचे. पाठीमागे त्यांना सगळे परराष्ट्रमंत्री म्हणत. त्यांच्या कानावर ते गेलं होतं. "एवढ्या मोठ्या आळीत ते खातं कुणीतरी सांभाळायला नको का?" एवढंच ते म्हणाले.

स्वतः मंत्री कोल्हापूरच्या पलीकडे कधी गेलेले नव्हते. तरुणपणी एकदा आगबोटीने मुंबईला निघाले होते, पण बोट लागली आणि जयगडलाच उतरून चालत परत आले. "जग बघायला जायची गरज नाही," ते मला सांगत. "थोडा धीर धरला तर ते आपोआप पाखाडीने वर येतं."

आणि ते यायचंच. आखातातून सुट्टीवर आलेल्या माणसाला आळीतले लोक विचारत, काय काय आणलंस? मास्तर विचारत, रिकामं काय आहे? दूध पावडरीचा, बिस्किटांचा, चहाचा, कसलाही रिकामा डबा त्यांना चाले. बुडावर किंवा बाजूला देशाचं नाव हवं, एवढीच अट. माजघरात एक लांबलचक फळी होती आणि तिच्यावर हे डबे देशवार मांडलेले असत. मास्तरांच्या मते जगाचं राजकारण कळायला तेवढी फळी पुरे होती. "सैन्य वगैरे सोडा हो. ज्याचं झाकण घट्ट बसतं त्याचं राज्य. पूर्वी इंग्लंडचा डबा उघडायला चमचा लागायचा. आता बघा, वाईच हलवलं तरी निघतं. हा जपान बघा. आणि हा कोरिया. लिहून ठेवा, सगळं पूर्वेकडे सरकतंय."

काकूंना या सरकण्याशी काही देणंघेणं नव्हतं. घट्ट झाकणाचा डबा रिकामा ठेवणं त्यांना पाप वाटे. त्यांनी हॉलंडमध्ये तूरडाळ भरली होती, डेन्मार्कमध्ये सुई-दोरा आणि कोरियात लोणच्याचा मसाला. "अहो, जपान खाली द्या बघू, मीठ संपलं," असं स्वयंपाकघरातून आलं की मास्तर कपाळाला हात लावत. पण स्टूल घेऊन चढायचेही तेच.

डब्यांच्या खालोखाल त्यांचा विश्वास प्रश्नांवर होता. देवरूखकडचा त्यांचा एक भाचा आखातातून दोन वर्षांनी परत आला. बिचारा दमून भागून पडवीत टेकतो तोच मास्तरांची उलटतपासणी सुरू.

"खोलीत किती जण?"

"पाच. मी, एक केरळचा, एक पाकिस्तानचा आनि दोघे फिलिपिन्सचे."

"भांडी कोण घासतं?"

"पाळीनं, मामा."

"पाकिस्तानसुद्धा?"

"सुद्धा म्हंजे काय? त्याची पाळी आली की त्यो घासतो. आपल्यापेक्षा बरी घासतो."

मास्तर उठले आणि त्यांनी फळ्यावर लिहिलं: 'भारत-पाकिस्तान भांडी पाळीने घासतात. (पक्की)'

हा फळा म्हणजे त्यांची दुसरी बायको. शाळेने मोडीत काढलेला, एका कोपऱ्यावर तडा गेलेला फळा त्यांनी घरी आणून पडवीत टांगला होता आणि रोज सकाळी आंघोळ करून त्याच्यावर जगाच्या बातम्या लिहीत. प्रत्येक बातमीपुढे कंसात 'पक्की' किंवा 'ऐकीव'. पक्की ठरवायची त्यांची रीत अशी होती की संध्याकाळी रेडिओवर लंडन ऐकायचं, मग मॉस्को ऐकायचं, आणि दोघं जेवढ्यावर एकमेकांशी सहमत होतील तेवढंच पक्कं धरायचं. उरलेलं सगळं जग ऐकीव. याचा परिणाम असा होई की महिन्यातून निम्मे दिवस फळ्यावर फक्त भूकंप आणि हवामान असे. पुढेपुढे लंडन आणि मॉस्कोचं जरा जास्तच जमायला लागलं तेव्हा सगळं जग आनंदलं, मास्तर मात्र चिंतेत पडले. "हे असंच चाललं तर मला फळा पुरायचा नाही," म्हणाले.

बातमीत मीठमसाला घालणाऱ्या माणसाचा त्यांना मनापासून राग होता. माझं लग्न ठरलं तेव्हा मी फक्त काकूंना सांगितलं होतं. कचेरीतून परत येतो तर फळ्यावर 'भाडेकरूंचं लग्न ठरलं. (ऐकीव)'. मी वडिलांचं पत्र मास्तरांच्या नाकासमोर धरलं. ते म्हणाले, "ही एक बाजू झाली. मुलीकडचं पत्र आहे का?" ते ऐकीव तसंच राहिलं. लग्न होऊन बायको ट्रंक घेऊन खळ्यात उभी राहिली तेव्हा त्यांनी आधी ते पुसून पक्की केलं आणि मग तिला या म्हटलं.

असा हा माणूस. आता तो खोटं बोलला ती गोष्ट.

पाखाडीच्या मध्यावर जुलेखा खालाचं घर होतं. नवरा मागेच गेलेला. थोरला नझीर आखातात एका तेलाच्या बोटीवर खलाशी, धाकटा युसुफ इथे मिरकरवाड्याला मासेमारीच्या बोटीवर. सत्त्याऐंशी सालची गोष्ट. आखातातल्या दोन देशांची लढाई कित्येक वर्षं रखडली होती आणि आता ते एकमेकांकडे जाणाऱ्या-येणाऱ्या बोटींवर मारा करत होते. नझीरचं दर महिन्याला काहीतरी यायचं. पत्र नाही, कॅसेट. तो तिकडे बोलून पाठवायचा आणि खाला इकडे टेप लावून ऐकायची. तो टेप तिने नझीरच्या आवाजाशिवाय कशालाही वापरू दिला नाही. दोन महिने झाले तरी कॅसेट आली नाही तेव्हा ती रोज संध्याकाळी पाखाडी चढून मास्तरांच्या पायरीवर येऊन बसायला लागली.

"मास्तर, काय बोलतो आज तुमचा रेडिओ?"

"आज काही नाही, खाला."

"काय नाय तेच बरं," असं म्हणून ती काकूंशी दोन शब्द बोलून उतरून जाई.

मग एक दिवस असा आला की लंडन आणि मॉस्को दोघांचं एकमत झालं. मास्तरांनी सकाळपर्यंतसुद्धा वाट पाहिली नाही. तिन्हीसांजेला दिवा लावून त्यांनी लिहिलं: 'आखातात तेलवाहू बोटीस आग. खलाशी बेपत्ता. (पक्की)'. खडू खाली ठेवतात तोच मागे खाला उभी. मी माझ्या दारात.

"काय लिवलंत?"

मास्तरांनी फळ्याकडे पाहिलं. मग शाळेत लावायचे तसं पहिल्या शब्दाखाली बोट लावलं आणि स्वच्छ आवाजात वाचलं, "आखातात... बोटींना... हात लावायचा नाही... असं दोन्ही बाजूंनी ठरवलं आहे."

"आनि तो शेवटचा बारका?" इतक्या दिवसांत तिला कंस ओळखता येऊ लागला होता.

"पक्की," मास्तर म्हणाले. 'आखातात' सोडलं तर तेवढा एक शब्द खरोखर तिथे होता.

खालाने पदराने डोळे टिपले, मास्तरांना लाख दुवा दिल्या आणि ती भराभर पाखाडी उतरली. मी तोंड उघडलं, तर मास्तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुम्ही भूवेष्टित आहात. गप्प राहा." आणि त्यांनी सदऱ्याच्या बाहीनेच फळा पुसून टाकला.

खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाने खोटं बोलू नये. त्याला थांबायचं कुठे ते कळत नाही. दुसऱ्या दिवशी खालाने विचारलं, "कोनी ठरवलं?" म्हणून मास्तरांना एक समिती काढावी लागली. तिसऱ्या दिवशी समितीचा अध्यक्ष आला. आठवड्याच्या अखेरीस दोन्हीकडचे सेनापती एका पंगतीला बसून जेवले, आणि खालाने विचारल्यामुळे काय जेवले तेही मास्तरांनी सांगितलं. मला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं, कारण फळ्यावर त्या दिवसांत हवामानाखेरीज काहीच नव्हतं आणि मास्तर ताटावरून अर्धपोटी उठत होते. काकू मला म्हणाल्या, "या वयात ही हौस सुचली ह्यांना. सुरुवात केलीत ती केलीत, वाईच बेताने तरी बोला म्हणावं."

पंधराव्या दिवशी खाला आली ती झाकलेली ताटली घेऊन. आत गरम सांदणं. चेहरा कधी नव्हे तो खुललेला.

"तोंड गोड करा, मास्तर. युसुफला बी पाठवते. नझीरच्याच कंपनीचं बोलावनं दोन महिने घरात पडलंय. मीच नको बोलत होते, एक दर्यात हाय तो पुरे. आता तुम्ही सांगितलंत, भ्यायचं काय कारन नाय. परवाच्या गाडीनं मुंबईला जातोय."

मास्तरांनी ताटली हातात घेतली. ती त्यांनी खाली ठेवली नाही आणि त्यातलं काही खाल्लंही नाही. खाला गेल्यावरही ते तसेच उभे होते. शेवटी काकूंनी ताटली त्यांच्या हातातून काढून घेतली.

सकाळी सहाला माझ्या दारावर थाप. मास्तर आंघोळ करून, कोट घालून तयार. फळ्यावर नेहमीपेक्षा मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं:

'दुरुस्ती. गेले पंधरा दिवस आम्ही जुलेखा खालांना सांगितलेल्या आखाताच्या सर्व बातम्या खोट्या आहेत. बोटींवर हल्ले चालू आहेत. (पक्की)'

"धरा ते टोक," मास्तर म्हणाले.

"मास्तर, तिला वाचता येत नाही. नुसतं जाऊन सांगा की."

"नुसतं तोंडी सांगितलं की ते ऐकीव. धरा."

मग आम्ही दोघं तो फळा घेऊन पाखाडी उतरायला लागलो. पुढे मास्तर, मागे मी. अरुंद पायऱ्या, दोन्हीकडे दगडी गडगे, आणि फळा माझ्या कल्पनेपेक्षा फारच जड. दारादारांत दात घासणारे लोक उभे. ते आधी हसले, मग त्यांनी वाचलं, आणि मग एकेक जण आत गेला. सबंध आळीने वाचून झाल्यावर सर्वांत शेवटी ती बातमी ज्या घरासाठी होती तिथे आम्ही पोचलो.

खाला दारात आली. मास्तरांनी फळा उंबऱ्याला टेकवला आणि शब्दाशब्दाखाली बोट ठेवून वाचला. काही गाळलं नाही, मध्ये थांबले नाहीत. वाचून झाल्यावर म्हणाले, "समिती नव्हती. अध्यक्ष नव्हता. जेवणसुद्धा नव्हतं. मी घातलं सगळं."

खालाने शेवटच्या कंसावर बोट ठेवून पाहिलं. मग म्हणाली, "मास्तर, माझा एक पोर दर्यात हाय. दुसरा तुमच्या जिभेवरनं जायचा होता."

"होय."

"आनि नझीर?"

"मला माहीत नाही, खाला."

तिने दार लावून घेतलं. फळा आम्ही परत वर आणला. चढण असूनही मास्तर वाटेत एकदाही टेकले नाहीत.

युसुफ गेला नाही. हातची नोकरी घालवली म्हणून तो पुढचे काही दिवस मास्तरांच्या घरावरून जाताना मुद्दाम थुंकायचा. मास्तर म्हणत, "त्याचा हक्क आहे." खाला आठ दिवस फिरकली नाही. ती पायरी रिकामी बघवत नसे. नवव्या दिवशी ती आली आणि मास्तरांकडे न बघता मला म्हणाली, "तुम्ही, घाटावरचे. त्यांच्या मागं उभे राहा. मास्तर वाचतील तसं तुम्ही बी मनात वाचा. खोटं वाचलं तर खोका."

मग मास्तरांकडे वळून, "हां, वाचा आता. लिवलंय तेच."

तेव्हापासून रोज संध्याकाळी ही नोकरी मला लागली. मला सर्दी झाली की पंचाईत. एकदा मी खराच खोकलो तर खालाने मास्तरांना तीच बातमी चार वेळा वाचायला लावली आणि मास्तरांनी ती निमूट वाचली.

महिन्याभरात नझीरची कॅसेट आली. खालाने टेप उचलून थेट पडवीतच आणला. पोरगा खुशाल होता. बोट दुरुस्तीला बंदरात पडून होती आणि हा बटाटे सोलत होता. पुढच्या महिन्यात परत त्याच पाण्यात निघायचं होतं. मास्तरांसाठी मुद्दाम निरोप होता. 'मास्तरांना सांग, बोटीचा मालक ग्रीसचा, कप्तान कोरियाचा, तेल अरबांचं, जातंय जपानला, बावटा पनामाचा आनि बटाटे राजिवड्याचा सोलतो.'

मास्तरांना इतका आनंद झाला की त्यांनी ते वाक्य तीनदा मागे घेऊन ऐकलं. "बघा! अख्खं जग एका बोटीवर! याला म्हणतात व्यवस्था!" लगेच भिंतीवरचा जुना नकाशा काढून त्यांनी पनामा दाखवला. दोन मोठ्या खंडांच्या मधला तो चिंचोळा तुकडा. खाला वाकून बघत होती.

"बावटा ह्यांचा?"

"ह्यांचा."

"मंग बोटीला काय झालं तर ह्ये येनार?"

मास्तर नकाशाची सुरकुती सारखी करत बसले.

"ह्यांना माझा नझीर म्हाइत तरी हाय काय?"

काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबल्या. चाळीस वर्षं जगाचा विचार केलेल्या माणसाला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मलाही तोवर ते सगळं डब्यांसारखंच गमतीचं वाटत आलं होतं, आणि त्या क्षणी माझी मला लाज वाटली.

"नाही, खाला," मास्तर म्हणाले. "नाही माहीत."

खालाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी खोकलो नाही.

"बरं," ती म्हणाली, आणि टेप उचलून घरी गेली.

ते वर्ष तसंच गेलं. नझीर त्याच पाण्यात होता. कॅसेट कधी यायची, कधी नाही. बोटी जळत होत्या, मास्तर जसंच्या तसं लिहीत होते, खाला जसंच्या तसं ऐकून घेत होती. अंगावर काटा येईल अशी बातमीसुद्धा ती शेवटच्या शब्दापर्यंत ऐकायची आणि "उद्या येते" म्हणून जायची. मास्तरांनी पुन्हा कधी बातमी गोड करून सांगितली नाही. मला वाटतं, त्यांना ते फार जड जात होतं.

पुढच्या श्रावणातली एक संध्याकाळ. पाऊस दुपारपासून धरलेला. सगळ्या आळीत शेवाळ माजलेलं. मी पडवीत माझी छत्री उलटी सुलटी करत होतो आणि आत मास्तर रेडिओला कान लावून बसले होते. लंडन झालं. मॉस्को लागलं. मग आतून स्टूल पडल्याचा आवाज आला आणि मास्तर तसेच अनवाणी, रेडिओ पोटाशी धरून बाहेर आले. फळ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. काकू ओरडल्या, "अहो, पाखाडी निसरडी आहे!" मी छत्री घेऊन मागे पळालो. म्हणजे रेडिओवर छत्री धरून पळालो, मास्तर भिजतच होते.

"खाला! थांबली! लढाई थांबली!"

खाला कंदील घेऊन दारात आली. तिने आम्हा दोघांकडे पाहिलं. तिचा चेहरा हलला नाही.

"मास्तर, आता पुरे," ती म्हणाली. "मागल्या टायमाला बी असंच बोलला होतात."

मास्तर जागच्या जागी थिजले. पावसाचं पाणी नाकावरून गळत होतं. या बाईला खोटं सांगितलं तेव्हा तिने दुवा दिल्या होत्या, आणि आज खरं घेऊन आले तर तिने दाराला हात लावला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलणार तोच त्यांनी रेडिओ तिच्या उंबऱ्यावर ठेवला, गुडघे टेकून काटा फिरवला आणि आवाज शेवटपर्यंत मोठा केला. खरखर, शिट्ट्या, एकदा कुठलं तरी गाणं, आणि मग एक माणूस हिंदीत सांगू लागला. दोन्ही देशांनी लढाई थांबवली आहे, आजपासून.

खाला कंदील धरून ऐकत होती. आतून युसुफ आला, तिच्या मागे उभा राहिला आणि म्हणाला, "अम्मी, खरं हाय." तिने त्याला हाताने गप्प केलं. रेडिओवरचा माणूस तेच पुन्हा दुसऱ्या शब्दांत सांगत होता. मग तिने कंदील खाली ठेवला आणि ती उंबऱ्यावर बसली, मास्तरांच्या समोर.

"त्याला गप करा," ती म्हणाली. "मला त्याचं नको. तुम्ही सांगा."

मास्तरांनी रेडिओ बंद केला.

"लढाई थांबली, खाला."

"परत बोला."

"लढाई थांबली," मास्तर म्हणाले. तिने आणखी किती वेळा विचारलं ते मी मोजलं नाही. त्यांनी दर वेळी तेवढंच सांगितलं, एक शब्दही जास्त नाही.